दोर

ईस्टर उलटला की आमच्या बेटावरून होड्या निघत
आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे, स्पंज काढायला.
धक्क्यावर बायका. कुणी रडत नसे.
रडणं अपशकुनी, म्हणून सगळ्याजणी मोठमोठ्यानं
किती पाव बांधून दिलेत तेच सांगत राहत.

साकेलारिस पाणबुड्या. मी त्याचा दोर धरणारा.
थोरल्याचा जीव धाकट्याच्या हाती,
घरात कुणी न ठरवता ठरलेलं.
पितळी टोप त्याच्या डोक्यावर बसवून मी पेच आवळायचो.
काचेतून तो डोळा मारायचा.
मग पाणी.

वीस वाव दोर.
एक हिसका: पोचलो.
दोन: हवा वाढव.
तीन: ओढ.
बाकी वेळ काहीच नाही.
त्या काहीच-नाहीत मी उमेदीची वर्षं काढली;
पंपाचं चाक फिरवणारी दोन पोरं, पाण्यावर नुसतं ऊन,
आणि ज्याला तळातलं काही दिसत नाही असा मी.

हिवाळ्यात चर्चला जायचो. पापा-निकितास पत्रं वाचायचा,
जुनी भाषा, निम्मी डोक्यावरून जाई.
एक शब्द तेवढा अडकला. इपोमोनी.
बाहेर आल्यावर विचारलं.
म्हणाला, धीर. मग म्हणाला, सोसणं.
मग दाढी खाजवत म्हणाला, सरळ फोडलास
तर नुसतं 'खाली राहणं'.
मी हसलो. एवढंच होय?
ते तर साकेलारिस रोज करतो, रोजंदारीवर.

त्या ऑगस्टात, देर्नासमोर, तीन हिसके आले.
कप्तान मागोस ओरडत होता, हळू,
अर्ध्यावर थांबव त्याला, थांबव थोडा वेळ.
मला ऐकू आलं.
मी तरी ओढला.
भाऊ होता माझा. ओढ होती ती, धीर नव्हता.
वर आला तो हसत. सिगरेट मागितली.
अर्धी ओढून झाली आणि पाय गेले.

एकोणीस वर्षं तो खिडकीपाशी आहे.
दुसऱ्यांनी काढलेले स्पंज कात्रीनं गोल करतो,
उरलेला चुरा आई उशीत भरते.
एकदा पापा-निकितास त्याला म्हणाला,
दुःखातून माणूस घडतो, बाळा.
'मग पापा, तुम्ही या, घडून घ्या,
खुर्ची मोकळी करतो.'
म्हातारा हसत सुटला, हसता हसता डोळे पुसले.
पुढच्या गुरुवारी परत आला तो संत्री घेऊन,
आणि सोलत बसला, एक शब्द न बोलता.

मी विचारलं एकदा, रात्री, दिवा मालवल्यावर:
खाली काय वाटायचं?
बराच वेळ काही नाही. मग अंधारातून:
काळोख नसतो रे, निळं असतं.
भीती वाटली की दोर जरासा ताणायचो. हिसका नाही, नुसता ताण.
पलीकडे तुझ्या हाताचं वजन लागायचं.
तू दिसत थोडाच होतास.

ते ताण मला आठवतात. एक न् एक.
मी समजत होतो पाण्याचा ओघ आहे.

माझ्या त्या घाईबद्दल तो कधी बोलला नाही.
मीही नाही.
वाचन ऐकायला मात्र आता मी त्याला पाठीवर घेऊन जातो,
बेचाळीस पायऱ्या; मध्ये, लिंबाच्या झाडाशी, थांबायचं असतं.
तिथं थांबवतो तोच. माझा कान धरून.
पत्रांत त्या शब्दाशेजारी बहुतेकदा दुसरा एक असतो: विश्वास.
त्याचा अर्थ मी पापांना विचारलेला नाही.
दाढी खाजवू लागतील, दुपार होईल.

त्याच्या खाटेपासून माझ्या मनगटापर्यंत एक सुतळी आहे.
एक हिसका: पाणी.
दोन: कूस वळव.
तीन आम्ही ठेवलेलाच नाही.
कधीतरी पहाटेच्या आधी सुतळी ताणली जाते, जराशीच.
मी उठत नाही.
मीही ताणतो.